पॉइंटरचं रक्षण, प्रोसेसरगणिक

ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून लॅमिंग्टन रोडवर आलं की पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग हे नाव दिसतं आणि दुकानांच्या काउंटरवर प्रोसेसरची निरनिराळी घराणी एकमेकांना खेटून मांडलेली असतात. जुन्या लॅपटॉपमध्ये इंटेल किंवा एएमडीचा एक्स८६-६४, रास्पबेरी पायच्या बोर्डवर आर्म, बऱ्याच जुन्या वायफाय राउटरमध्ये मिप्स आणि अलीकडे विद्यार्थी प्रकल्पासाठी नेतात त्या काही छोट्या चिपांमध्ये रिस्क-व्ही. लॅपटॉप आणि पाय या दोन्हींवर डेबियन लिनक्स टाकलं, तर दोन्हींच्या पोटात एकच सिस्टिम लायब्ररी बसते: ग्नू सी लायब्ररी, म्हणजे जीलिबसी. फाइल उघडणं, मेमरी मागणं, प्रोग्राम सुरू करणं आणि संपवणं, सगळं तिच्यामार्फत चालतं. पण याच लायब्ररीतला सुरक्षेचा एक उपाय या दोन मशीनांवर वेगवेगळ्या रीतीने बसवलेला आहे, आणि काही घराण्यांवर तो कित्येक वर्षं बसवलेलाच नव्हता. त्याचं नाव पॉइंटर गार्ड.

पॉइंटर म्हणजे मेमरीतला पत्ता. त्यातला फंक्शन पॉइंटर सगळ्यात नाजूक, कारण प्रोग्राम पुढे कुठे जाऊन कोणतं काम करणार हे तो ठरवतो. गिरगावातल्या चाळीत पोस्टमनच्या हातातल्या पाकिटावरचा खोली नंबर कोणी वाटेत खोडून दुसरा लिहिला, तर पत्र भलत्याच दारात पडतं. चूक पोस्टमनची नसते, तो लिहिलेलं वाचतो. प्रोसेसरही लिहिलेलंच वाचतो. बफर ओव्हरफ्लोसारख्या, म्हणजे नेमलेल्या जागेबाहेर लिहिलं जाण्याच्या, चुकीतून हल्लेखोराला मेमरीत लिहिण्याची संधी मिळाली, की त्याची पहिली नजर अशा साठवलेल्या पत्त्यांवर जाते.

क्रिस्पिन कोवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये स्टॅकगार्ड मांडलं. फंक्शनच्या परतीच्या पत्त्याआधी एक ओळखीचा आकडा, म्हणजे कॅनरी, ठेवायचा आणि परतताना तो शाबूत आहे का ते पाहायचं. २००३ मध्ये त्याच गटाने पॉइंटगार्ड मांडलं. त्यात पॉइंटर मेमरीत उघडा न ठेवता सांकेतिक रूपात ठेवायचा आणि वापरण्यापुरताच उलगडायचा, अशी कल्पना होती. मायक्रोसॉफ्टने २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ मध्ये याच जातीची सोय प्रोग्रामरांना दिली. जीलिबसीचे तेव्हाचे मुख्य कर्ते उलरिक ड्रेपर यांनी डिसेंबर २००५ मध्ये ती लायब्ररीच्या आत आणली आणि मार्च २००६ च्या २.४ आवृत्तीतून ती जगभर गेली.

यंत्रणा थोडक्यात सांगता येते. प्रोग्राम सुरू होताना एक रँडम आकडा किल्ली म्हणून निवडला जातो. लिनक्स कर्नल २.६.२९ पासून, म्हणजे २००९ पासून, कर्नल प्रत्येक नव्या प्रोग्रामच्या हाती १६ रँडम बाइट देतो. ६४-बिट मशीनवर जीलिबसी त्यातले पहिले ८ कॅनरीसाठी घेते आणि पुढचे ८ पॉइंटर गार्डसाठी. पत्ता साठवण्याआधी त्याचा किल्लीशी एक्सऑर करायचा, म्हणजे दोघांचे बिट ताडून वेगळे तिथे १ आणि सारखे तिथे ० लिहायचा, आणि वाचताना त्याच किल्लीशी पुन्हा एक्सऑर करून मूळ पत्ता परत मिळवायचा. किल्ली माहीत नसलेल्याने तिथे स्वतःचा पत्ता लिहिला, तर उलगडल्यावर तो भलताच निघतो आणि प्रोग्राम बहुतेक वेळा कोसळतो. हल्लेखोराच्या हाती सूत्रं जाण्यापेक्षा प्रोग्राम कोसळलेला परवडला, हा त्यामागचा हिशेब.

सगळेच पॉइंटर असे सांकेतिक केले जात नाहीत. निवडक जागाच घेतल्या आहेत: प्रोग्राममधली जागा नोंदवून पुढे तिथे उडी मारू देणाऱ्या सेटजम्प आणि लाँगजम्पमध्ये साठवलेले परतीचे पत्ते, प्रोग्राम संपताना चालवायच्या फंक्शनांची यादी, अक्षरसंच बदलणाऱ्या आयकॉन्व्हच्या मॉड्यूलचे पत्ते आणि अशाच आणखी काही. मेमरी वाटपाचे हुक नावाचे फंक्शन पॉइंटर मात्र वर्षानुवर्षं उघडे राहिले आणि हल्ल्यांच्या अभ्यासात तेच सर्वांत लाडकं लक्ष्य झालं. ऑगस्ट २०२१ च्या २.३४ आवृत्तीत ते काढून टाकले गेले, तेव्हा कुठे हल्लेखोरांची नजर पुन्हा बाहेर पडतानाच्या यादीकडे आणि फाइलींच्या फंक्शन-तक्त्यांकडे वळली.

आता मुख्य प्रश्न प्रोसेसरचा. सेटजम्पचा कोड सीमध्ये लिहिता येत नाही. प्रोसेसरच्या आतल्या रजिस्टरांना थेट हात लावावा लागतो, म्हणून प्रत्येक घराण्यासाठी त्याची वेगळी असेंब्ली फाइल असते. पॉइंटर गार्डही प्रत्येक फाइलीत वेगळा लिहावा लागतो. तो लिहिताना पहिला सवाल पडतो तो किल्ली कुठे ठेवायची हा.

एक्स८६-६४ वर उत्तर सोपं निघालं. तिथे चालू थ्रेडची, म्हणजे प्रोग्राममधल्या एका समांतर धाग्याची, माहिती एफएस या रजिस्टरमार्फत मिळते. जीलिबसीने थ्रेडच्या नियंत्रण-खंडात ४० व्या बाइटपासून कॅनरी ठेवली आणि लगेच ४८ व्या बाइटपासून पॉइंटर गार्डची किल्ली. एका सूचनेत एक्सऑर होतो, दुसरं रजिस्टर लागत नाही. ३२-बिट इंटेलवर हेच काम जीएस रजिस्टर करतं. मुंबई विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकीत मायक्रोप्रोसेसर शिकताना भर ८०८६ वर असतो, आणि किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर व्हीजेटीआयची मुलं घेतात ती जुनी पुस्तकंही बहुधा ८०८६ चीच. एफएस आणि जीएस ८०८६ मध्ये नव्हते. ते १९८५ च्या ८०३८६ बरोबर आले, आणि आजच्या सुरक्षेचा एवढा भार त्यांच्यावर आहे. म्हणून त्यांची ओळख अभ्यासक्रमात ठळकपणे व्हायला हवी.

एक्स८६-६४ वर एक्सऑरनंतर आणखी एक पायरी आहे: निकाल १७ बिट डावीकडे फिरवायचा. ३२-बिटवर ९ बिट. ही पायरी वरवर शोभेची वाटते, पण तिच्यात मोठी समज आहे. इंटेलवर आकड्याचा सर्वांत हलका बाइट मेमरीत सर्वांत आधी येतो, त्यामुळे मेमरीत पुढे सरकत जाणारा ओव्हरफ्लो पहिल्यांदा तोच बाइट पुसतो. नुसता एक्सऑर असता, तर साठवलेला पहिला बाइट बदलला की खऱ्या पत्त्याचाही तोच बाइट बदलला असता. मग २५६ शक्यतांपैकी एक लागली की जवळच्या दुसऱ्या कोडपर्यंत सरकता आलं असतं, उरलेली किल्ली न कळताच. फिरवल्यामुळे साठवलेल्या आकड्याचे खालचे १७ बिट मूळ पत्त्याच्या सर्वांत वरच्या १७ बिटांमधून आलेले असतात. प्रोग्रामच्या पत्त्यात ते वरचे बिट शून्यच असावे लागतात. त्यामुळे पहिले दोन बाइट चुकीचे पडले, की पत्ता अवैध ठरून प्रोग्राम तिथेच थांबतो.

आर्मच्या ६४-बिट घराण्यावर, म्हणजे एआर्च६४ वर, ही फिरवाफिरवी नाही. तिथे फक्त एक्सऑर आहे. किल्लीची जागाही वेगळी आहे आणि त्याला कारण आहे. एआर्च६४ च्या ठरलेल्या मांडणीत थ्रेड रजिस्टर जिथे बोट दाखवतं तिथे फक्त १६ बाइटांचा नियंत्रण-खंड असतो आणि त्याला लागून लगेच प्रोग्रामचा थ्रेडगत डेटा सुरू होतो. किल्लीसाठी पुढे मोकळी जागाच नाही. पॉवरपीसीवरही डेटा असाच लागून असतो, पण तिथे नियंत्रण-खंड उलट्या दिशेने, थ्रेड रजिस्टरच्या मागच्या बाजूला वाढवता आला. एआर्च६४ वर किल्ली एका ग्लोबल व्हेरिएबलमध्ये गेली आणि ते व्हेरिएबल, प्रोग्राम सुरू होताना त्याला लायब्ऱ्या जोडून देणाऱ्या डायनॅमिक लिंकरच्या हवाली झालं.

यातून एक उलटापालट घडली, जिच्याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. एआर्च६४ वरची ती ग्लोबल किल्ली प्रोग्राम सुरू झाल्यावर फक्त वाचता येईल अशा पानावर जाते. एक्स८६-६४ वरची किल्ली मात्र थ्रेडच्या लिहिता येणाऱ्या मेमरीतच राहते. नवा थ्रेड तयार होतो तेव्हा त्याचा नियंत्रण-खंड त्याच्याच स्टॅकच्या वरच्या टोकाला असतो. स्टॅकमधला मोठा ओव्हरफ्लो पुरेसा लांब गेला, तर कॅनरी आणि किल्ली दोन्ही पुसून तिथे आपल्या पसंतीचे आकडे टाकता येतात, आणि मग तपासणी खोट्या आकड्याशी खोटा आकडा जुळवून समाधान मानते. म्हणजे गणित इंटेलवर भक्कम आणि किल्लीची जागा आर्मवर भक्कम. दोन्ही चांगल्या गोष्टी एका घराण्यात एकत्र आल्या असत्या तर बरं झालं असतं.

मिप्सच्या फाइलीत कित्येक वर्षं एकच टिपण होतं, की पॉइंटर गार्डची सोय अजून नाही. रिस्क-व्ही २०१८ च्या २.२७ आवृत्तीत जीलिबसीत दाखल झालं, तेव्हा त्याचा गार्डही रिकामा होता: नाव होतं, पण पत्ता जसाच्या तसा साठवला जायचा. यात कोणाचा आळस शोधायचं कारण नाही. नवं घराणं लायब्ररीत येताना आधी ते नीट चालणं महत्त्वाचं असतं आणि रक्षण मागाहून बसवू असं म्हटलं जातं. अडचण ही, की रिकामा गार्ड चूक दाखवत नाही. प्रोग्राम बांधला जातो, चालतो, चाचण्या पास होतात. वापरणाऱ्याला कुठेच इशारा मिळत नाही.

ऑक्टोबर २०२२ मध्ये फ्लोरियन वायमर यांनी गार्डचे मॅक्रो प्रत्येक घराण्याच्या भल्यामोठ्या हेडर फाइलीतून काढून पॉइंटर गार्डच्या स्वतंत्र छोट्या फाइलीत आणले. ज्या घराण्याला स्वतःची फाइल नाही त्याला सर्वसाधारण, काहीच न करणारी फाइल मिळते. बदल आवराआवरीचा वाटतो, पण त्याने एक मोठी गोष्ट साधली. आता फाइलींची यादी पाहिली, की कोणत्या घराण्यावर रक्षण आहे आणि कोणत्यावर नाही ते लगेच दिसतं.

उणिवा फक्त नव्या घराण्यांमध्ये होत्या असंही नाही. व्हॅलेन्सियाच्या पॉलिटेक्निक विद्यापीठातले हेक्टर मार्को आणि इस्माएल रिपोल यांनी २०१३ मध्ये दाखवलं, की स्टॅटिक पद्धतीने, म्हणजे लायब्ररी आतच घेऊन, बांधलेल्या प्रोग्राममध्ये किल्ली कधी भरलीच जात नव्हती. ती शून्य राहायची, आणि शून्याशी एक्सऑर म्हणजे काहीच नाही. २.४ पासून सात वर्षं हे असंच चाललं होतं, सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या एक्स८६ वरसुद्धा. दुरुस्ती २.१९ मध्ये आली. दुसरी फट एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची होती. एका व्हेरिएबलला शून्य दिलं की पॉइंटर गार्ड बंद व्हायचा, आणि ज्याला जास्त अधिकार देऊन चालवलं जातं अशा प्रोग्रामलाही ते लागू पडायचं. २०१६ च्या २.२३ आवृत्तीत ते व्हेरिएबल काढून टाकलं गेलं.

गार्डला आणखी एक अंगभूत मर्यादा आहे. एक्सऑरमध्ये मूळ पत्ता आणि सांकेतिक पत्ता दोन्ही कळले, की किल्ली उघडी पडते. प्रोग्राम संपताना चालणाऱ्या यादीत पहिली नोंद बरीच वर्षं डायनॅमिक लिंकरच्या एका ठरावीक फंक्शनची असायची. लायब्ररी मेमरीत कुठे बसली आहे ते कळलं आणि ती नोंद वाचता आली, की किल्ली हातात. एलएलव्हीएम या कंपायलर-संचातल्या थ्रेड सॅनिटायझर या तपासणी साधनाला तर ही गोष्ट रोजच्या कामासाठी करावी लागते. एआर्च६४ वर ते स्वतः एकदा सेटजम्प बोलावतं, साठवलेला सांकेतिक पत्ता खऱ्या पत्त्याशी एक्सऑर करतं आणि किल्ली काढतं. एक्स८६-६४ वर ते थेट एफएसच्या ४८ व्या बाइटवरून वाचतं. डीबगर जीडीबीचीही अशीच पंचाईत झाली होती. लाँगजम्प कुठे उडी मारणार हे त्याला वाचता येईना, म्हणून जीलिबसीने तिथे तपासणीच्या खुणा ठेवल्या. एकाच प्रोसेसच्या आत बसलेल्यासाठी ही किल्ली गुपित नाही. तिचा उपयोग फक्त लिहू शकणाऱ्या पण वाचू न शकणाऱ्या हल्लेखोराविरुद्ध आहे, आणि असे हल्ले पुष्कळ होतात.

इतर लायब्ऱ्यांनी वेगळे रस्ते घेतले. ओपनबीएसडीने २०१६ मध्ये सेटजम्पमध्ये कुकी, म्हणजे गुप्त आकडा, आणली, आणि तिथे बाहेर पडतानाच्या यादीची पानं ती लिहिली जात नसताना वाचण्यापुरतीच ठेवली जातात. अँड्रॉइडच्या बायोनिकमध्ये सेटजम्पला कुकी आहे, शिवाय साठवलेल्या माहितीची बेरीजही तपासली जाते. छोटी मस्ल लायब्ररी साधेपणाला प्राधान्य देते आणि पत्ते उघडेच साठवते. जीलिबसीने स्वतः २०२० च्या २.३२ आवृत्तीत मेमरी वाटपाच्या मोकळ्या तुकड्यांच्या साखळ्यांनाही एक्सऑरचं आवरण दिलं. त्याची किल्ली रँडम बाइटांतून येत नाही, पॉइंटर जिथे साठवायचा त्या जागेच्या पत्त्याचे वरचे बिटच किल्ली होतात. चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीच्या एयाल इट्किन यांची ही कल्पना. कोणत्याही घराण्याची असेंब्ली न लागता ती सगळीकडे एकसारखी चालते. घराण्याघराण्यांतली दरी टाळायची तर असा उपाय सर्वांत प्रामाणिक.

या लायब्ररीच्या कामात मराठी नावही ठळक आहे. रेड हॅटच्या पुण्यातल्या कचेरीत काम करताना सिद्धेश पोयरेकर जीलिबसीत आले. २०१७ च्या २.२५ आणि २.२६ या आवृत्त्यांच्या प्रकाशनाची जबाबदारी त्यांनी सांभाळली. लायब्ररीचं वर्तन बाहेरून बदलता येईल अशी ट्युनेबल्स नावाची चौकट उभी करण्यात त्यांचा मोठा वाटा. २०२३ मध्ये क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी त्याच चौकटीत ओव्हरफ्लोची एक गंभीर फट दाखवली, लूनी ट्युनेबल्स या नावाने ती गाजली, आणि दुरुस्तीही पोयरेकरांनीच लिहिली. ट्युनेबल्स वाचण्याचं काम डायनॅमिक लिंकर करतो. तो प्रोग्रामच्या आधी चालतो, प्रोग्रामला जास्तीचे अधिकार असतील तर त्यांच्यासह चालतो आणि बाहेरून आलेली अक्षरं वाचतो. पॉइंटर गार्डचं व्हेरिएबल जिथे फसलं तिथेच ही फटही सापडली. पोयरेकरांचं दुसरं मोठं काम फॉर्टिफाय सोर्सच्या तिसऱ्या पातळीचं आहे. २०२२ च्या जीसीसी १२ पासून कंपायलर बफरचा आकार प्रोग्राम चालू असतानाही मोजू शकतो आणि त्याहून जास्त लिहू लागलं की थांबवतो. पॉइंटर पुसला गेल्यावर काय करायचं, याआधी तो पुसलाच जाऊ नये, असा तो प्रयत्न आहे.

प्रोसेसर बनवणारेही आता याच वाटेवर आहेत. आर्मने ८.३ आवृत्तीत पॉइंटरवर सही करण्याची सोय आणली. पत्त्याच्या वापरात नसलेल्या वरच्या बिटांत प्रोसेसर स्वतः छोटी सही भरतो, आणि तिची किल्ली प्रोग्रामला वाचता येत नाही. एक्सऑरची मूळ कमजोरी इथे संपते. ॲपलने २०१८ च्या ए१२ पासून ती वापरली. २०२२ मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी पॅकमॅन हल्ल्यात ॲपलच्या एम१ वर, प्रोग्राम न कोसळता सही ओळखता येते, हे दाखवलं. इंटेलची शॅडो स्टॅक, म्हणजे परतीच्या पत्त्यांची वेगळी संरक्षित प्रत, २०२० च्या चिपांत आली, पण लिनक्सने ती सामान्य प्रोग्रामांना २०२३ च्या ६.६ मध्ये दिली आणि जीलिबसीने २०२४ च्या २.३९ मध्ये. चिप आधी, कर्नल मग, लायब्ररी शेवटी, आणि मध्ये काही वर्षं. लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या रास्पबेरी पाय ५ मधला कॉर्टेक्स-ए७६ आर्म ८.२ चा आहे, म्हणजे पॉइंटरवर सही करण्याच्या सोयीच्या एक पायरी मागे. त्या बोर्डवर सेटजम्पचं रक्षण आजही ड्रेपरांच्या एक्सऑरवरच आहे.

केंब्रिज विद्यापीठ आणि एसआरआय इंटरनॅशनल यांचं चेरी तर पॉइंटरची व्याख्याच बदलतं. पत्त्याबरोबर त्याची हद्द आणि एक लपलेला वैधतेचा बिट असतो. अशा पॉइंटरचा एक्सऑर केला, की तो बिट जातो आणि पॉइंटर निकामी होतो. म्हणजे तिथे जुना गार्ड काढूनच टाकावा लागतो.

आणि भारत? कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये १९६० साली पूर्ण झालेला टिफ्रॅक हा देशात बांधलेला पहिला मोठा संगणक. आज पवईच्या आयआयटीत स्पार्क मांडणीवरचा अजित घडला आहे, पुण्याच्या सी-डॅकने आर्मच्या निओव्हर्स व्ही१ वर औम प्रोसेसरचा आराखडा मांडला आहे, आणि एप्रिल २०२२ च्या डीआयआर-व्ही कार्यक्रमाने रिस्क-व्हीला राष्ट्रीय पाठिंबा दिला, ज्यात आयआयटी मद्रासचा शक्ती आणि तिरुवनंतपुरमच्या सी-डॅकचा वेगा आहेत. निओव्हर्स व्ही१ ला सहीची सोय आर्मकडून आयती मिळते. रिस्क-व्हीची शॅडो स्टॅक २०२४ मध्ये मंजूर झाली, ती चिपांत येऊन कर्नल आणि लायब्ररीत पोचायला इंटेलसारखीच काही वर्षं लागतील. ज्या घराण्यावर देशाने पैज लावली, तेच या लायब्ररीत रिकाम्या गार्डसह आलं होतं. स्वदेशी चिप म्हणताना बोलणं तिच्या ट्रान्झिस्टरांवर थांबतं. तिच्यावर चालणाऱ्या सी लायब्ररीचा विचारही त्याच बैठकीत व्हायला हवा, आणि तो सरकारी आराखड्यांइतकाच महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांचा आहे.

हे काम कोणाच्या आवाक्याबाहेरचं नाही. एका घराण्यावर गार्ड बसवायचा तर मॅक्रोची छोटी हेडर फाइल, सेटजम्प आणि लाँगजम्पच्या असेंब्लीत परतीचा पत्ता आणि स्टॅक पॉइंटर यांच्यासाठी प्रत्येकी काही सूचना, आणि किल्लीच्या जागेचा निर्णय, एवढं लागतं. बोर्ड विकत घ्यायची गरज नाही, क्यूएमू या एम्युलेटरवर ते घराणं लॅपटॉपमध्येच उभं राहतं. ऑगस्ट २०२१ पासून फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनला हक्क सोपवण्याचे कागदही लागत नाहीत. बदल आपलाच आहे आणि देण्याचा हक्क आपल्याला आहे, अशी सहीची एक ओळ पुरते. किल्ली प्रत्येक वेळी नवी येते का हे पाहणारी चाचणी जीलिबसीत आधीपासून आहे, आणि २०१३ च्या धड्यानंतर तिची दोन रूपं आहेत: एक डायनॅमिक प्रोग्रामसाठी, दुसरं स्टॅटिकसाठी. नव्या घराण्यावरचा गार्ड या दोन्हींत पास व्हावा लागतो.